सरकार विचारतें तेव्हां

राजानें हुकूम करावा, प्रजेनें तो पाळावा, आणि फारच जाच झाला तर अर्ज करावा, हा व्यवहार जगांत सर्वत्र जुना आहे. परंतु ‘अमुक गोष्टीसंबंधीं कायदा करण्याचा विचार आहे, तुमचें म्हणणें काय तें कळवा,’ असें सरकारनें आपण होऊन प्रजेस विचारणें ही गोष्ट त्या मानानें अगदीं अर्वाचीन आहे. आतां आपणांस तिची इतकी संवय झाली आहे कीं, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यांत ‘हरकती व सूचना मागविण्यांत येत आहेत’ अशी जाहिरात दिसली तरी तिच्यावर आपली नजर क्षणभरही ठरत नाहीं. या चार शब्दांमागें, केवळ महाराष्ट्रापुरतें पाहिलें तरी, दोनशें वर्षांचा इतिहास आहे; आणि तो चाळून पाहिल्यास अशा प्रत्येक विचारणेची पारख करण्याच्या तीन कसोट्या हातीं लागतात. विचारलें कोणाला? विचारलें कोणत्या भाषेंत? आणि मिळालेल्या उत्तराचें पुढें झालें काय? या तीन प्रश्नांच्या अनुरोधानें प्रस्तुत विषयाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंग्रजी अंमलापूर्वीं लोकांस कोणी कांहीं विचारीतच नसे, असें मात्र नाहीं. मराठी राज्यांत वतनाचा, हद्दीचा किंवा पाटिलकीचा तंटा उपस्थित झाला म्हणजे गोतसभा बसे. देशमुख-देशपांडे, पाटील-कुळकर्णी, बलुतेदार व रयत एकत्र जमत, साक्षी घेत, आणि निर्णयाचा महजर लिहून काढीत. ज्यांस अक्षर येत नसे ते त्या महजरावर आपली निशाणी करीत. कुणब्याची निशाणी नांगर असे, इतरांची ज्याच्या त्याच्या धंद्याचें हत्यार. निरक्षर माणसाचा शब्दही कागदावर यावा अशी ही सोय होती, आणि ती मोठी शहाणपणाची होती यांत शंका नाहीं. पण गोतापुढें येई तो तंटा. सारा किती घ्यावा, जकात कोणत्या मालावर बसवावी, मोहीम कोठें काढावी, हें गोताला कोणी विचारीत नसे. लोकांस न्यायांत जागा होती, राजनीतींत नव्हती.

सन १८१८ मध्यें पेशवाई बुडाल्यावर नव्या सरकारास प्रथम गरज भासली ती माहितीची. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा १८१९ पासून १८२७ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या अमदानींत गांवोगांवच्या शाळांची माहिती कलेक्टरांकडून मागविण्यांत आली. आणि दख्खनमधील निरनिराळ्या ज्ञातींस व शास्त्रीमंडळींस त्यांच्या रूढि विचारून आर्थर स्टील यानें आपला मोठा संग्रह तयार केला, तो १८२७ सालीं प्रसिद्ध झाला. विवाह, वारसा, दत्तक, ज्ञातिपंचायतीचे अधिकार यांविषयीं इतक्या ज्ञातींस एकाच वेळीं प्रश्न विचारले गेल्याचें उदाहरण तत्पूर्वीं आमच्या इकडे सांपडणें कठीण आहे. तथापि हें विचारणें म्हणजे वैद्यानें रोग्याची नाडी पाहण्यासारखें होतें. नाडी पाहतांना औषध कोणतें द्यावें हें वैद्य रोग्याला विचारीत नाहीं. माहिती मागणें आणि मत मागणें यांत जें अंतर आहे तें ओलांडण्यास पुढें बरींच वर्षें लागलीं; आणि तें ओलांडलें तें सरकारनें नव्हे, तर प्रथम लोकांनीं.

कंपनी सरकारची सनद दर वीस वर्षांनीं पार्लमेंटपुढें येत असे. ती १८५३ सालीं पुन्हा येणार हें लक्षांत घेऊन ता. २६ ऑगस्ट १८५२ रोजीं मुंबईस ‘बाँबे असोसिएशन’ स्थापन झाली. जगन्नाथ शंकरशेट, दादाभाई नौरोजी, डॉ. भाऊ दाजी प्रभृति गृहस्थ तींत होते. या मंडळीनें राज्यकारभारांतील दोष दाखविणारा अर्ज पार्लमेंटकडे पाठविला. त्यांस कोणी विचारलें नव्हतें. त्यांनीं न विचारतां सांगितलें. पण असें सांगणाऱ्यास एक प्रश्न हटकून केला जातो, आणि सत्ताधाऱ्यांच्या शस्त्रागारांतील तें फार जुनें शस्त्र आहे: ‘तुम्ही बोलतां, पण कोणाच्या वतीनें?’ मुंबईच्या शेटजींना व डॉक्टरांना विचारलेल्या या प्रश्नाचें समर्पक उत्तर अठरा वर्षांनीं पुण्यानें दिलें.

पर्वती संस्थानच्या कारभारासंबंधीं लोकांत असंतोष माजला होता. त्या निमित्तानें पुढाकार घेऊन गणेश वासुदेव जोशी यांनीं ता. २ एप्रिल १८७० रोजीं पुणें सार्वजनिक सभेची स्थापना केली. औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि तिचे पहिले अध्यक्ष झाले. जोशी हे पुढें ‘सार्वजनिक काका’ याच नांवानें ओळखले जाऊं लागले, यावरून त्या कार्याशीं ते किती एकजीव झाले होते हें दिसतें. या सभेचा एक नियम आमच्या मतें तिच्या सर्व अर्जांहून अधिक महत्त्वाचा आहे. सभासद होऊं इच्छिणाऱ्या गृहस्थानें निदान पन्नास माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें, असा तो नियम. आरंभींच्या पंचाण्णव सभासदांपाठीमागें सुमारें सहा हजार लोकांची मुखत्यारी होती. मतदानाचा हक्क ज्या देशांत कोणास ठाऊक नव्हता तेथें पुण्याच्या एका वकिलानें प्रातिनिधिक राज्यपद्धतीचें जणूं लहानसें यंत्रच तयार केलें. महजरावरील नांगराची निशाणी आतां मुखत्यारपत्रावरील सहीच्या रूपानें पुनः अवतरली. भेद इतकाच कीं, पूर्वीं ती तंट्याच्या निकालाखालीं होत असे, आतां ती राज्यकारभाराच्या प्रश्नावर होऊं लागली.

१८७१ च्या अखेरीस महादेव गोविंद रानडे पुण्यास आले आणि सभेच्या कार्यास अभ्यासाची जोड मिळाली. दख्खनच्या शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी सभेनें आपण होऊन केली व तिचा अहवाल १८७३ सालीं छापला. दोनच वर्षांनीं, १८७५ मध्यें, पुणें व नगर जिल्ह्यांत सावकारांच्या खतपत्रांच्या होळ्या पेटल्या, आणि मग सरकारास त्या दंग्यांच्या कारणांची चौकशी करण्यासाठीं कमिशन नेमावें लागलें. १८७६ पासून १८७८ पर्यंतच्या घोर दुष्काळांत सभेनें ठिकठिकाणाहून वृत्तान्त मागवून ते सरकारकडे पाठविले. दुष्काळी कामांवरील मजुरी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार उतरविण्यांत आली आणि भुकेली माणसें कामें सोडून जाऊं लागलीं, तेव्हां त्यांच्या वतीनें सभेनें लेखी तक्रार केली. या सर्व खटाटोपाचें तात्कालिक फळ अल्प होतें. पण न विचारलेल्या प्रश्नाचेंही उत्तर आंकड्यांसह तयार ठेवावयाचें, ही शिस्त महाराष्ट्राला त्या दहा वर्षांत लागली.

आणि मग खरोखरच विचारणा आली. ता. ३ फेब्रुवारी १८८२ रोजीं लॉर्ड रिपनच्या सरकारनें विल्यम विल्सन हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण कमिशन नेमलें. काशिनाथ त्रिंबक तेलंग हे मुंबई इलाख्यांतून त्याचे सभासद होते. कमिशननें ठराविक प्रश्नांची यादी छापून साक्षीदारांकडे धाडिली व प्रांतोप्रांतीं साक्षी घेतल्या. प्रश्न इंग्रजींत होते; आणि त्यांचा मुख्य विषय होता प्राथमिक शिक्षण, म्हणजे ज्यांच्या घरांत इंग्रजी तर राहोच पण बाळबोध अक्षरही शिरलें नव्हतें अशा लोकांच्या मुलांचें शिक्षण! ज्यांच्या संबंधानें विचारावयाचें त्यांस प्रश्न वाचतां येत नाहींत, आणि ज्यांस वाचतां येतात त्यांचीं मुलें आधींच शिकत आहेत, अशी ही विचित्र कोंडी होती.

ती कोंडी दोघांनीं दोन मार्गांनीं फोडली. जोतीराव फुले यांनीं ता. १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं पुण्याहून आपलें निवेदन इंग्रजींत सादर केलें. स्वतःचा उल्लेख त्यांनीं व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल कमिशनर असा केला आहे, आणि पत्ता जुना गंज पेठ असा दिला आहे. त्यांच्या प्रतिपादनाचा पाया साधा होता: सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामांतून येतो, खर्च मात्र वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो. वरच्यांस शिकविलें म्हणजे विद्या झिरपत झिरपत खालीं जाईल, या मताचा त्यांनीं स्पष्ट शब्दांत निषेध केला. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें. शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा व मोठ्या गांवीं तो पंधरा-वीस रुपये असावा. मोडी, बाळबोध व हिशेब यांबरोबर शेतकीचें व आरोग्याचें सामान्य ज्ञान मुलांस द्यावें, अशा त्यांच्या सूचना आहेत. शिक्षक शेतकरी वर्गांतून निवडावे, प्रसंगीं नांगर किंवा सुताराचा वासला हातीं धरण्यास त्यांस लाज वाटूं नये, कारण असेच लोक खालच्या थरांत मिसळूं शकतील, असेंही ते म्हणतात. कचेरींत बसून प्रश्नांची यादी करणाऱ्यास ही गोष्ट सुचणें शक्य नव्हतें. ज्याचें जळतें त्याला कळतें, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते.

दुसरी साक्ष पंडिता रमाबाईंची. त्याच वर्षीं पुण्यास त्यांनीं आर्य महिला समाजाची स्थापना केली होती. त्यांनीं आपली साक्ष मराठींत दिली, आणि हंटरसाहेबांनीं ती भाषांतर करवून स्वतंत्रपणें छापविली. मुलींच्या शाळांसाठीं स्त्रीशिक्षक तयार करावे, आणि पुरुष डॉक्टरापुढें आपलें दुखणें बोलून दाखविण्यास स्त्रिया संकोच करतात म्हणून स्त्रियांस वैद्यकीचें शिक्षण द्यावें, असा त्यांचा आग्रह होता. हिंदी स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची मदत मिळावी म्हणून लेडी डफरिन फंड निघाला तो १८८५ सालीं. रमाबाईंस ‘आधीं इंग्रजींत लिहून आणा’ असें सांगितलें गेलें असतें, तर त्या साक्षीचा तो जिव्हाळा कागदावर कितीसा उतरला असता? विचारणाऱ्यानें उत्तर देणाराच्या भाषेपर्यंत चालत जावें लागतें, हा या प्रकरणाचा धडा आहे.

आतां तिसरी कसोटी. कमिशनचा अहवाल १८८३ मध्यें बाहेर पडला. प्राथमिक शिक्षणाचा भार लोकलबोर्डें व म्युनिसिपालिट्या यांवर टाकण्याची शिफारस तींत झाली. सक्तीचें कलम मात्र बाजूस राहिलें. पण एकदां नीट दिलेलें उत्तर दप्तरांत पडूनही मरत नाहीं. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनीं १८९३ सालीं अमरेली तालुक्यांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ सालीं तो सर्व राज्यभर लागू केला. नामदार गोखल्यांनीं १९११ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल आणलें. त्यावर ठिकठिकाणचीं मतें मागविण्यांत आलीं, आणि १९१२ च्या मार्चमध्यें तें तेरा विरुद्ध अडतीस मतांनीं फेटाळलें गेलें. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ सालीं मोफत व सक्तीचें शिक्षण सुरू केलें. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनें तें दहा वर्षांत साध्य करण्याचें मार्गदर्शक तत्त्व म्हणून स्वीकारलें. २००२ सालच्या घटनादुरुस्तीनें तो मूलभूत हक्क झाला. आणि त्यासंबंधींचा कायदा ता. १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. गंज पेठेंतून पाठविलेल्या उत्तरास सरकारी मान्यता मिळण्यास एकशें अठ्ठावीस वर्षें लागलीं. या अवधींत ज्या पिढ्या शाळेबाहेर राहिल्या त्यांचा हिशेब कोणत्याही अहवालांत नाहीं. विचारून न ऐकण्याची ही किंमत आहे, आणि ती विचारणाऱ्यास कधींच भरावी लागत नाहीं.

याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीं तर आम्ही पक्षपात केल्यासारखें होईल. १८८४ सालीं बेहरामजी मलबारी यांनीं बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांवर टिपणें प्रसिद्ध केलीं. सरकारनें तीं देशभर फिरवून मतें मागविलीं. विरोधी मतांचा पाऊस पडला, आणि १८८६ मध्यें सरकारनें या कामीं हात घालण्याचें नाकारलें. संमतिवय दहावरून बारावर नेणारा कायदा व्हावयास १८९१ साल उजाडलें, तोही प्रचंड गदारोळांत. ज्यांच्या देहाचा व आयुष्याचा प्रश्न होता त्या मुलींचें मत विचारणाऱ्यांच्या यादींत नव्हतेंच. मुंबईच्या रखमाबाईंनीं १८८५ सालीं ‘एक हिंदु स्त्री’ या टोपणनांवानें ‘टाइम्स ऑफ इंडिया’ पत्रांत लिहिलें, तेव्हां कोठें त्यांपैकीं एकीचा आवाज लोकांच्या कानीं पडला. यावरून मतें मागविणें म्हणजे मतें मोजणें नव्हे हें उघड होतें. सहस्र सह्यांचा अर्ज आणि एका स्त्रीचें पत्र एका तराजूंत घातलें तर पारडें कोणाचें जड होईल हें सांगावयास नको. पण न्याय कोणत्या पारड्यांत होता हेंही आज सांगावें लागत नाहीं. सरकारनें सर्वांचें ऐकावें. निर्णय मात्र कारणें तोलून करावा, आणि तीं कारणें सांगावीं.

विचारणारें सरकार कधीं कधीं सांगणाऱ्याचें तोंडही बंद करतें. १८९६ सालीं पाऊस गेला. सार्वजनिक सभेची सूत्रें त्या वेळीं लोकमान्य टिळकांच्या पक्षाकडे होतीं. सभेचे कार्यकर्ते गांवोगांव फिरून, पीक बुडालें असतां सारा तहकूब करण्याविषयीं सरकारचेच नियम काय आहेत तें शेतकऱ्यांस मराठींत समजावून देऊं लागले. यांत राजद्रोह तो कोणता? पण १८९७ च्या मार्चमध्यें सरकारनें जाहीर केलें कीं, सार्वजनिक धोरणाच्या प्रश्नांवर सरकारकडे मागणें मांडण्याचा अधिकार असलेली संस्था म्हणून या सभेस यापुढें मानतां येत नाहीं. सत्तावीस वर्षें जिचे अर्ज टेबलावर घेतले तिचा अर्ज अर्जच नव्हे, असें एका ठरावानें ठरलें! सरकारच्या मर्जीनें मिळालेलें बोलण्याचें स्थान मर्जीबरोबर जातें, हें महाराष्ट्राला त्या दिवशीं कळून चुकलें. बोलण्याचा हक्क कायद्यानेंच बांधून घेतला पाहिजे या विचाराला त्या अनुभवानें धार आली असली पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

पुढील शतकांत विचारणेचा विषय स्वतः राज्यच झालें. मतदानाचा हक्क कोणास द्यावा हें ठरविणाऱ्या साउथबरो कमिटीपुढें १९१९ सालीं डॉ. आंबेडकर व विठ्ठल रामजी शिंदे या दोघांनीं साक्षी दिल्या. आंबेडकर त्या वेळीं मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत प्रोफेसर होते. १९२८ सालीं सायमन कमिशन आलें तेव्हां त्याच्या सातही सभासदांत एकही हिंदी गृहस्थ नाहीं म्हणून देशांतील बहुतेक पक्षांनीं त्यावर बहिष्कार घातला. विचारणारा आमचा मान ठेवीत नसेल तर आम्ही उत्तरच देणार नाहीं, हा त्यांचा बाणा होता. आंबेडकरांनीं मात्र बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनें निवेदन दिलें व त्याच वर्षीं पुण्यास साक्षही दिली. ज्यांचा शब्द आजवर कोणत्याच दप्तरीं नोंदला गेला नाहीं त्यांस बोलण्याची संधि दवडणें परवडत नाहीं, असा त्या कृतीचा अर्थ आम्ही लावतों. दोन्ही वर्तनें आपापल्या ठायीं योग्य होतीं. मौनही उत्तर असूं शकतें. पण तें ज्याचा आवाज सर्वांस ठाऊक आहे त्याचें. ज्याचा आवाज कोणीं ऐकलाच नाहीं त्याचें मौन म्हणजे केवळ शांतता.

आज परिस्थिति पालटली आहे. सरकार आपलेंच आहे, आणि त्याच्यावर विचारण्याचीं बंधनेंही आहेत. २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें महत्त्वाचीं धोरणें ठरवितांना संबंधित वस्तुस्थिति प्रसिद्ध करण्याचें कर्तव्य सरकारी कचेऱ्यांवर घातलें आहे. कायद्याचा मसुदा निदान तीस दिवस लोकांपुढें ठेवावा, असें केंद्र सरकारनें २०१४ सालीं ठरविलें. मोठे कारखाने, खाणी, धरणें यांपूर्वीं त्या जागीं जनसुनावणी घेण्याची तरतूद २००६ सालच्या अधिसूचनेंत आहे. पण १८८२ सालची अडचण पुरती गेली आहे काय? २०२० सालीं त्याच पर्यावरणविषयक नियमांचा नवा मसुदा लोकांच्या सूचनांसाठीं प्रसिद्ध झाला तो हिंदींत व इंग्रजींत. घटनेच्या आठव्या परिशिष्टांतील सर्व भाषांत तो भाषांतरित करावा, असा आदेश दिल्लीच्या उच्च न्यायालयास द्यावा लागला. ज्या खेड्याच्या शेजारीं खाण निघावयाची त्या खेड्याला मसुदा वाचतां आला पाहिजे, इतकी साधी गोष्ट सांगण्यासाठीं अद्यापि न्यायालयाची पायरी चढावी लागते!

कोणी म्हणेल कीं, धोरण हा तज्ज्ञांचा विषय आहे. बाजारांतल्या माणसास त्यांतलें काय समजणार? या आक्षेपांत तथ्यांश आहे. पुलाचा गाळा किती रुंद असावा हें जनसुनावणींत ठरवूं नये. पण पूल कोणत्या गांवाजवळ हवा, पुरांत पाणी कोठवर चढतें, आणि शाळेंत जाणारीं मुलें नदी कोणत्या उतारानें ओलांडतात, हें तज्ज्ञास गांवच सांगेल. शिक्षणशास्त्र कमिशनला ठाऊक होतें. नांगर धरणारा शिक्षक हवा हें फुल्यांस ठाऊक होतें. दोन्ही ज्ञानांची गांठ पडल्याखेरीज धोरण पुरें होत नाहीं.

राहतां राहिला आपला, म्हणजे शिकल्यासवरल्या कुटुंबांचा, वांटा. सरकारची विचारणा आपण वाचूं शकतों. तिची मुदत, तिची भाषा, तींतील खाचाखोचा आपणांस समजतात. सार्वजनिक काकांच्या वेळीं एका सुशिक्षितानें पन्नास माणसांच्या दारीं जाऊन सह्या आणाव्या लागत. त्या पन्नास दारांवर गेल्यामुळेंच त्याला बोलण्याचा अधिकार येई, आणि बोलण्यासारखें कांहीं मिळेही. आज मुखत्यारपत्राची अट उरली नाहीं. घरबसल्या मत पाठवितां येतें, आणि म्हणूनच तें बहुधा एकट्याचें व घाईचें असतें. जाहिरात वाचून तिचा मराठींत अर्थ दहा शेजाऱ्यांस सांगणें, त्यांचें ऐकणें, आणि मग कारणें व आंकडे जुळवून चार ओळी मुदतींत लिहिणें, हें काम कोणत्याही कुटुंबास अवघड नाहीं. त्या ओळींचा उपयोग उद्यांच होईल असें आश्वासन इतिहास देत नाहीं. परंतु १८८२ सालीं ‘काय उपयोग?’ म्हणून जोतीरावांनीं लेखणी खालीं ठेविली असती, तर पुढच्या लढणाऱ्यांस हातीं धरावयास तो कागदही उरला नसता.